रिकामा कॅमेरा

माझा मोठा भाऊ फौजेत. सुट्टी संपवून निघताना त्यानं आपला बॉक्स कॅमेरा माझ्या हातात दिला आणि बजावलं, "घरातलं रोजचं काढून धाड. नटूनथटून भिताडाला टेकल्यालं नगं." तेव्हा मी सांगलीला विश्रामबागेत राहून कॉलेजात शिकत होते आणि सुट्टीला कृष्णाकाठच्या आमच्या गावी यायचे.

पहिला रोल आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ताब्यात घेतला. फोटो म्हटल्यावर त्यांनी लग्नातला फेटा बांधला, रेडिओ मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि बाकीच्यांना मागं उभं केलं. हसायला बंदी. सासऱ्यांसमोर म्हणून वहिनी पदर हनुवटीपर्यंत ओढून उभी. तिची तान्ही लेक तेवढी भोकाड पसरून खरी वागली.

दादाचं उत्तर आलं. "फोटो बगून आमच्यातला एकजण म्हणला, घरात कोण गेलं काय? आन पदराखाली कोण हाय? शेजारीण हुबी केली असली तरी मला काय कळतंय?" यंदा सुट्टी मिळत नाही, असंही पुढं होतं. मी मोठ्यानं वाचून हसले. वहिनी हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "वन्सं, लगीन झाल्यापास्नं ह्यांनी मला दिवसाउजेडी बगितलंय कितीसं? इसरत्याल मला."

माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर. आमच्या घरची रीत अशी की आबा दारातूनच खाकरायचे आणि ते ऐकलं की वहिनीचा पदर खाली यायचा. त्यांचा चहासुद्धा ती माझ्या नाहीतर आईच्या हाती पाठवायची. आबा म्हणजे देवमाणूस, पण त्या दिवशी त्यांच्या खाकरण्याचाही मला संताप आला. आता दादाकडं फोटो जाईल तर वहिनीच्या उघड्या तोंडाचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी कॅमेरा रिकामाच गळ्यात अडकवून घरभर हिंडले. आत रोल नाही, नुसतीच खटखट. सुरुवातीला आई कॅमेरा दिसला की केस सारखे करायची. तो पोटाशी धरून वरून काचेत बघायचा असल्यानं मी नक्की कुणाकडं बघतेय हेही कळत नसे. हळूहळू सगळे कंटाळले. "येड लागलंय पोरीला," म्हणून आईनं माझ्यासमोरच शेण भरायला घेतलं, तेव्हा मी गुपचूप रोल घातला. आई शेण्या थापताना मिळाली, आबा बैलाची समजूत काढताना मिळाले.

मग एका सकाळी वहिनी परसात उन्हाला पाय पसरून बसली होती. पायांवर लेकीला पालथी घालून न्हाऊ घालत होती. पोरीनं अशी लाथ मारली की तांब्यातलं पाणी वहिनीच्याच तोंडावर. पदर घसरला आणि ती सगळे दात दाखवून हसली. मी खटका दाबला. तिला पत्ताही नव्हता.

सांगलीला फोटो धुऊन घेतले आणि पुढच्या खेपेला घरी आणले. वहिनीचा आधी बाजूला काढायचा होता, पण दारात पाऊल टाकते तोच आबांनी पाकीट हातातून घेतलं. बैलासोबतच्या स्वतःच्या फोटोला हसले आणि पुढच्या फोटोपाशी थांबले. आता आपली काही धडगत नाही, असं मला वाटलं.

"ही आपली सून व्हय गं?"

"व्हय."

"बगायला गेलो तवा मान खाली घालून बसली हुती. त्येच्यानंतर आजच बगतोय." फोटो त्यांनी हातातून सोडला नाही. "हसती बी व्हय ही?"

इतके दिवस मी दादापुरताच विचार करत होते. आबांनी फोटो परत दिला आणि म्हणाले, "ह्यो आधी धाड फौजीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात नेहमीसारखे खाकरले. वहिनीचा हात पदराकडं गेला.

"ऱ्हाऊ दे, पोरी," आबा म्हणाले. "फोटुत बगितलंय म्या."

वहिनीनं पदर केसांपर्यंतच घेतला. मी सवयीनं कपबशीला हात पुढं केला, पण ती माझ्या बाजूनं गेली आणि चहा स्वतः त्यांच्यापुढं नेऊन ठेवला.