ताईंनी नोकरी सोडली

केजजवळच्या एका वसतिगृहात कोविड सेंटर उघडलं, तेव्हा माझी ड्यूटी तिथं लागली. सोबत एक सीनियर सिस्टर होत्या, युसूफ वडगावकडच्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. जेवायला नको म्हणणाऱ्या पेशंटला दटावून दोन घास खाऊ घालावेत ते त्यांनीच.

एक म्हातारे धनगर बाबा दाखल होते. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून सारखं विचारायचे, "मेंढरं कुणाच्या रानात बसलीत आज?" त्यांची बायको फाटकाबाहेर लिंबाखाली असायची. ताई खिडकीतून ओरडून तिला विचारायच्या आणि उत्तर बाबांच्या कानात सांगायच्या.

बाबा गेले. बाहेर जाऊन सांगायची वेळ ताईंवरच आली. म्हातारी रडली नाही. म्हणाली, "जाताना काय म्हणले?"

बाबांची शुद्ध आदल्या दिवशीच हरपली होती. ताई म्हणाल्या, "मेंढरांचंच इचारलं, मावशी."

पुढं लाट ओसरली, सेंटर बंद झालं. गावानं आमचा शाल-नारळ देऊन सत्कार ठेवला. ताईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या आणि स्टेजकडे न जाता सरळ घरी गेल्या. त्यानंतर घराबाहेर पडेनात, स्वयंपाकाला हात लावेनात.

मी भेटायला गेले, तर त्यांचे मालक म्हणाले, "कोरोना गेला की आता. हिला कावून असं होतंय?"

ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "न्हाई गं, गेला न्हाई. डोळा मिटला की समदे खाटांवर हायेत. पाणी मागतेत. अन् मला उठाया येईना."

अंबाजोगाईला मनाच्या डॉक्टरांकडे नेऊ म्हणताच मालक चिडले. "येडी हाय का ती?"

"येडी न्हाई, आजारी हाय," मी म्हणाले. शेवटी तेच गाडी घेऊन आले.

डॉक्टरांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्हीही तिथंच होतात ना? तुम्हाला झोप लागते?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या.

गोळ्यांनी ताईंना झोप लागू लागली. आता स्वयंपाकही करतात. नोकरी मात्र सोडली. मी अजून ड्यूटीवर आहे. माझ्याही गोळ्या चालू आहेत. घरी कुणाला ठाऊक नाही. परवा ताईंकडे गेले होते. शेजारीण तापानं फणफणली होती, म्हटलं, दोघी बघून येऊ.

"तू जा," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.