सरळ चाल, आई

नागपूरच्या घरी हॉलमध्ये टीव्हीच्या वर कॅमेरा मीच लावला. बाबा गेल्यावर आई एकटी राहायला लागली, तेव्हा इथे अमेरिकेत फ्रिस्कोतल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येक मुलाने जे केलं होतं तेच मी केलं. इकडे सकाळी माझा चहा व्हायचा तेव्हा तिकडे संध्याकाळ असायची. आई देवापाशी दिवा लावून हॉलमध्ये फेऱ्या मारायची आणि मी मोबाइलवर बघायचो. तिचे पाय दुखायचे, बरीच वर्षं. आमचं ठरलं होतं, म्हणजे मी ठरवलं होतं आणि तिने ऐकून घेतलं होतं, की जोवर ती आपल्या पायांनी दारापर्यंत जाऊन कडी काढते तोवर ती त्या घरात राहील. नंतर केअर सेंटर. त्यामुळे तिच्या फेऱ्या हा माझ्यासाठी रोजचा स्टेटस रिपोर्ट होता.

फेऱ्या ती विचित्रच मारायची. लाल प्लास्टिकची खुर्ची पुढ्यात घेऊन, तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकून, कमरेत वाकून ती खुर्ची ढकलत जायची. फरशीवरची ती खरखर मला टेक्सासात ऐकू यायची. दुर्दैवाने त्या कॅमेऱ्यातून बोलायचीही सोय होती.

"आई, सरळ चाल. पाठ सरळ."

ती दचकून टीव्हीच्या वर बघायची. "अरे, वाकलं की बरं वाटते."

"सवय लागेल. कुबड येईल. सोड ती खुर्ची."

"पाहून काय राहिला? चहा पी तुझा."

पण मी सॉफ्टवेअरवाला. युजर आडवाटेने जात असेल तर ती वाटच बंद करायची, यावर माझं पोट चालतं. कामाला येणाऱ्या मावशींना फोन करून खुर्ची गच्चीवर ठेवायला लावली आणि आईसाठी पाठ ताठ ठेवणारा पट्टा ऑनलाइन मागवला. पट्टा बांधून आई खरंच सरळ उभी राहिली. मी स्क्रीनशॉट काढून बायकोला दाखवला.

"उभ्या आहेत," बायको म्हणाली. "चालतायत कुठे?"

"वेळ लागतो गं," मी म्हणालो. अगदी तज्ज्ञाच्या आवाजात.

फेऱ्या कमी होत गेल्या. मग फक्त दारापर्यंत. मग मावशींना स्वतंत्र किल्ली द्यावी लागली, कारण कडी काढायला आई पोचेना. दिवाळीनंतर मी गेलो, तिला केअर सेंटरमध्ये ठेवलं, फ्लॅट भाड्याने दिला, कॅमेरा काढून आणला. ती रडली वगैरे नाही. निघताना तिने एवढंच विचारलं, "ती खुर्ची घेतली का?" मी म्हणालो, तिथे व्हीलचेअर आहे, त्यापेक्षा कितीतरी भारी.

मग माझे पाय दुखायला लागले.

घरापासून कोपऱ्यावरच्या मेलबॉक्सपर्यंत गेलं की मांड्या आणि पोटऱ्या भरून यायच्या, मुंग्या यायच्या. पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, मी तसं बोललो आणि फसलो. आमच्याकडे पॉटलकला जेवण एखाद्या वेळी कमी पडेल, आजाराचं निदान कधी कमी पडत नाही. कुणी बी-ट्वेल्व्ह म्हणालं, कुणी डी, कुणी गादी बदल. एकाने कोलेस्टेरॉलच्या गोळीवर संशय घेतला, तर मी डॉक्टरला न विचारता ती बंदच करून टाकली. आकडा वर गेला, पाय होते तिथेच. मग ऑफिसात उभं राहून काम करायचं टेबल मागून घेतलं. बसून पाय आखडत असतील हा माझा शोध. त्या आठवड्यात मी पार्किंगमधल्या गाडीपर्यंत तीनदा थांबत गेलो आणि दर वेळी फोन आल्याचं नाटक केलं.

एकाच ठिकाणी पाय दुखायचे नाहीत. घाऊक सामानाच्या त्या अजस्र दुकानात. मोठी ट्रॉली घेतली, तिच्या दांड्यावर कोपरं टेकली, की मी तासभर फिरू शकायचो. हे कळल्यावर मी रोज संध्याकाळी जायला लागलो.

"आज काय आणायला?" बायको.

"कोथिंबीर."

"कालची आहे. परवाचीही आहे."

तिला काय संशय आला ते मी विचारलं नाही. चटणी मात्र रोज असायची.

तिथेच तांदळाच्या पोत्यांपाशी आमचे डॉक्टरकाका भेटले. हाडांचे डॉक्टर, आता रिटायर्ड. रिकामी ट्रॉली घेऊन तीच गल्ली मी पुन्हा घेतोय हे त्यांनी पाहिलं असावं.

"काय रे, पोतं निवडतोयस की जावई?"

मी पायांचं सांगितलं, गोळी बंद केल्याचंही. त्यांनी मला गाद्यांच्या सेक्शनमध्ये नेऊन बसवलं आणि बूट-मोजे काढायला लावले. येणारेजाणारे बघत होते. त्यांनी पावलाची नाडी तपासली.

"चालताना दुखलं की नुसतं उभं राहून थांबतं?"

"नाही काका. बसावं लागतं. नाहीतर वाकावं लागतं."

"मग रक्तवाहिन्यांचं दिसत नाही. त्यांचं दुखणं नुसतं थांबलं तरी ओसरतं. तुझा पाय नाही, कंबर बघायला हवी. मणक्यातली वाट अरुंद झाली की नसा आवळतात. ताठ उभा राहिलास की जास्त, वाकलास की जागा होते. म्हणून तू ट्रॉलीच्या प्रेमात आहेस. एमआरआय करून घे. आणि ती गोळी परत सुरू कर, गाढवा."

"म्हणजे वाकून चालायचं?"

"चालता येतंय तर तसं चाल. न चालणं वाईट. म्हातारपणी पाय एकदा बसले की उठत नाहीत."

मोजे हातात घेऊन मी त्या गादीवर बसून राहिलो. काकांना वाटलं, मी एमआरआयला घाबरलो. "अरे, व्यायामाने भागतं पुष्कळदा," ते म्हणाले.

माझ्या एमआरआयमध्ये काका म्हणाले तेच निघालं. मग नागपूरला आईचाही करायला लावला. तिथले डॉक्टर फोनवर म्हणाले, दुखणं मणक्याचंच, जुनं. पण आता प्रश्न ताकदीचा आहे, मांड्यांत काही उरलेलं नाही. प्रयत्न करा.

सेंटरमधल्या सिस्टरने व्हिडिओ कॉल लावून मोबाइल धरला. आई रिकाम्या व्हीलचेअरच्या मागे उभी होती, दोन्ही मुठी आवळून.

"सरळ राहू?"

"नाही आई. वाक."

"वाकू?"

"हो."

तिने मोबाइलकडे पाहिलं. "एकदा काय ते ठरव बाबा."

वाकून तिने ढकललं, तर व्हीलचेअर पुढे पळाली. सिस्टरने दोघींना सावरलं. आई पलंगावर टेकली. "ही पळते," ती म्हणाली. "आपली घासत चालायची. ती आणतोस का?"

आणतो म्हणालो. भाडेकरूंना फोन केला. ते म्हणाले, दादा, ती गच्चीवर उन्हाने तडकली होती, आम्ही टाकून दिली.

तशीच लाल खुर्ची नवी मागवून सेंटरवर पाठवली. आई तिच्यावर हात टेकून पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, त्यापुढे पाय ऐकत नाहीत. मग ती वळवून घेते आणि तिच्यावरच बसते. त्या वेळी मी इथे चहा घेत असतो, सिस्टरने व्हिडिओ कॉल लावून दिलेला असतो. हल्ली काही बोलत नाही, नुसता खरखर ऐकतो. ती लगेच थांबते.