चुकलेला रविवार

शिवनेरीच्या तिसऱ्या दरवाज्यापाशी आक्का एका दगडावर टेकली आणि मला म्हणाली, "तू जा वर. मी बसते हितंच."

मी तेव्हा आठवीत होते. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती जुन्नरला डी.एड. करत होती आणि बाजारपेठेत एका मारवाडी कुटुंबाच्या घरात, माडीवरच्या खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहत होती. सहामाही परीक्षा संपल्यावर मी अवसरीहून चार दिवस तिच्याकडे गेले होते. गड दाखवायचं तिनंच कबूल केलं होतं. मी एकटीच वर गेले, शिवजन्माची जागा पाहिली, टाक्यात डोकावले आणि पळतच खाली आले. आक्का होती तशीच बसली होती. ओठ जांभळट दिसत होते आणि एक हात छातीवर होता.

"काय झालं?"

"दम लागतो थोडा. घरी बोलू नको. दादा शिकणं बंद करून घरी बसवतील."

दादा म्हणजे आमचे वडील. मी बोलणार नाही म्हणून सांगितलं आणि खरंच बोलले नाही. बहिणीचं गुपित आपल्याकडे आहे, याचा मला उलट अभिमान वाटायचा.

अकरा वर्षांची असताना आक्काला मोठा ताप आला होता. गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटं. आई तिला कडेवर घेऊन मंचरला डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, हिला दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन द्यायचं, मोठी होईपर्यंत. आईनं वर्षभर नेलं. इंजेक्शन इतकं दुखायचं की आक्का दोन दिवस लंगडायची. पुढं गुडघे बरे झाले, ती पोरींबरोबर दोरीवरच्या उड्या मारायला लागली आणि मंचरच्या फेऱ्या थांबल्या. आई पेठच्या पठारावर बटाटे काढायला जायची, दादा गवंडीकामावर. गुडघे बरे म्हणजे आजार गेला, असं आम्ही सगळेच धरून चाललो. सांध्यांचा तो ताप हृदयातही शिरतो, हे आमच्या घरात कुणाला माहीत असणार?

मी जे केलं नाही ते जुन्नरच्या घरमालकीणबाईंनी केलं. राजस्थानातून आलेलं घराणं, पण बाई अस्सल जुन्नरी मराठी बोलायच्या. पुढच्या वर्षी एकदा आक्का जिना चढून आली आणि वरच्या पायरीवर खालीच बसली. बाईंनी काही न विचारता तिला रिक्षात घातलं, डॉक्टरकडे नेलं आणि संध्याकाळी आमच्या गावच्या दुकानात फोन केला. "पोरीला पुण्याला दाखवा. डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप आखडली आहे."

पुण्यात तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. कधीतरी ऑपरेशन करावं लागेल, पण आत्ताच नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. दादांनी तिला घरी बसवलं नाही. ते इतकंच म्हणाले, "जिना नसलेली खोली बघ." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तळमजल्यावरची खोली बघून आले.

डी.एड. झाल्यावर दोन-तीन वर्षं तिनं आमच्या विहाराच्या ओट्यावर गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. मग शिक्षणसेवक म्हणून नेमणूक आली, ती डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत. घोडेगावपर्यंत एसटी, तिथून डिंभ्यापर्यंत मिळेल ते वाहन, पुढं लाँच आणि मग अर्धा तास चाल. आईनं नेमणुकीचा कागद हातात धरला, तिला वाचता येत नव्हतं तरी धरला, आणि म्हणाली, "एवढं लांब? त्या चढाला तुझा जीव कसा टिकायचा? आन आपल्या माणसाला तिथं पाणी तरी देतील का?"

"चढ लई न्हाई. आन पाण्याचं बघू."

पहिल्याच रविवारी ती घरी आली तेव्हा आईनं तेच विचारलं. आक्का हसली. "मी घोटभर मागितलं तर एका बाईनं हंडाच आणून पुढं ठेवला. म्हणली, बाई, आमच्यात शिकवायला कोण टिकत न्हाई. तुमी टिका."

तिथं ती वाडीतच एका घराच्या पडवीत राहायला लागली. आठवडाभर वाडीत, रविवारी घरी, असं तिचं चालायचं. कधी तिच्या पिशवीत सुकी मासळी असायची, कधी हिरड्यांचा वाटा. शाळेत सतरा पोरं. त्यांतली निम्मी आईबापांबरोबर गाळात मासे पकडायला जायची. आक्का सकाळी पाण्याच्या कडेनं जाऊन त्यांना गोळा करून आणायची. तिला चढ चढवत नव्हता, मग पोरंच तिची पिशवी घ्यायची आणि ती थांबली की तीही थांबायची.

याच काळात तिला मंचरजवळचं एक स्थळ आलं. मुलगा चाकणला कंपनीत होता, माणसं बरी होती. आई-दादांनी ठरवलं होतं की झडपेचं आत्ता बोलायचं नाही, पोरगी चालती-बोलती, नोकरीवाली आहे. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या मामानं सहज विचारलं, "तब्येत बरी असते ना?" आक्का म्हणाली, "नाही. माझ्या हृदयाची झडप खराब आहे. ऑपरेशन लागेल. मूल होऊ द्यायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारावं लागेल."

मुलगा मान खाली घालून चहा पीत राहिला. माणसं पाच मिनिटांत उठली, जाताना नीट नमस्कार करून गेली. पुढं निरोप आला नाही.

त्या दिवशी मी तिला जे बोलले ते आजही मला तसंच्या तसं आठवतं. "तुझं लग्न तर गेलंच, आता माझंही मोडू नको. सगळ्या तालुक्यात बोभाटा होईल, ह्यांच्या घरात आजार आहे म्हणून." मी अठरा-एकोणीस वर्षांची होते, पण ते काही कारण नाही.

आक्का भांडी घासत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. म्हणाली, "लपवून गेले असते तर त्या माणसाची काय चूक होती, सांग बरं." थोड्या वेळानं तिनं मला ताटल्या पुसायला हाक मारली, आणि पुन्हा कधी त्या विषयावर ती माझ्याशी बोलली नाही. मी माफी मागितली नाही. दोन बहिणींत असल्या गोष्टी आपोआप मिटतात, असं मला वाटायचं.

पुढच्या वर्षी ऑपरेशन झालं. पुण्याच्या दवाखान्यात मी तिच्याजवळ अठरा दिवस होते. धातूची झडप बसवली. घरी आल्यावर पहिल्यांदा ती अंगणातून विहारापर्यंत न थांबता चालत गेली आणि तशीच परत आली. दादा ओट्यावर बसून बघत होते. डोळे पुसायला त्यांनी टोपी काढली आणि ती हातातच धरून बसले.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, रोज. एक दिवसही खंड नाही. दर महिन्याला मंचरला रक्त तपासायचं आणि त्याप्रमाणे गोळी कमीजास्त करायची.

पुढची तीन वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, असं मी म्हणेन. तिच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची. शांत वर्गात पोरांनाही ती ऐकू गेली. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमच्या पोटात घड्याळ हाय का?" आक्कानं सगळ्या सतरा जणांना ओळीनं जवळ बोलावून ती टिकटिक ऐकवली, फळ्यावर हृदय काढलं, त्याचे चार कप्पे दाखवले आणि झडप कशी उघडझाप करते ते दार उघडून-लावून समजावलं. ही गोष्ट तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितली की आई म्हणायची, "पुरे आता, पाठ झाली."

गोळ्या मी आणायची. मी तेव्हा मंचरला शिवणक्लास घेत होते, मेडिकलचं दुकान क्लासच्या खालीच होतं. पावसाळ्यात आक्का दर रविवारी घरी येत नसे. महिनाअखेरच्या रविवारी मी डिंभ्याला जायचं, ती लाँचनं अलीकडं यायची, आम्ही धक्क्याजवळच्या टपरीत चहा प्यायचो आणि ती गोळ्या घेऊन परत जायची, असं ठरलेलं होतं.

त्या श्रावणात तसाच एक रविवार आला. पण शनिवारी निरोप आला की उद्या मला पाहायला पाहुणे येणार आहेत. मी आईला म्हणाले, "आक्काच्या गोळ्या द्यायच्यात." आई पुरण शिजवत होती. "एका दिसानं काय व्हतंय? सोमवारी जा. पावणं परत येत न्हाईत." मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. त्या वाडीत तेव्हा फोन नव्हता. आक्का धक्क्यावर येऊन, वाट पाहून शेवटच्या लाँचनं परत गेली असणार.

सोमवारी मी डिंभ्याला गेले तर वाऱ्यामुळे लाँच बंद होती. मंगळवारीही बंद. बुधवारी मी धक्क्यावर दुपारपर्यंत बसून होते. जमिनीवरून वळसा घालून जाणारा एक रस्ता होता, पण तो ओढ्यानं तुटला होता. लाँचवाला म्हणाला, "ताई, ह्या लाटांत मी माझ्या भावालाबी न्हेणार न्हाई." गोळ्यांची पुडी मी परत घेऊन आले. गुरुवारीही तसंच झालं.

पुढचं मला वाडीतल्या माणसांकडून कळलं. आक्कानं शेवटच्या दोन गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून चार दिवस पुरवल्या होत्या. शुक्रवारी सकाळी तिनं हजेरी घेतली आणि खुर्चीत बसली ती बोलेनाच, नुसती श्वास ओढायला लागली. सहा माणसांनी घोंगडीची डोली केली, तिला खांद्यावर घेतलं आणि त्या तुटलेल्या रस्त्यानं, ओढा कंबरभर पाण्यातून ओलांडून, जीपपर्यंत आणलं. घोडेगावच्या अलीकडे ती गेली. तिला अठ्ठावीस पूर्ण व्हायला दोन महिने होते.

डॉक्टर म्हणाले, झडपेत रक्ताची गुठळी अडकली. मी त्यांना एकटीनं गाठून विचारलं, "गोळ्या चुकल्यामुळे?" ते म्हणाले, "चुकल्यामुळे होऊ शकतं. न चुकताही होऊ शकतं." ते खरं सांगत होते की मला वाचवत होते, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

जलदानविधीला वाडीतली चाळीसएक माणसं आली. बायका, पोरं, म्हातारे. लाँच, जीप, एसटी असं करत अवसरीपर्यंत. वंदना चालू असताना ती मागं हात जोडून बसली होती. त्यांना शब्द येत नव्हते, पण शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. दादांनी त्या सहा जणांच्या पायांना हात लावला. त्यांतला एक जण कळवळून मागं सरकला. "नका, नका. आमाला पोचता आलं न्हाई, दादा."

महिन्यानं मी आणि आई तिचं सामान आणायला गेलो. आई त्या वाडीत पहिल्यांदाच जात होती. एक पेटी, दोन पातेली, चादर, पुस्तकं, एवढंच सामान होतं. ज्या घरात ती राहायची तिथल्या बाईनं आम्हाला नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण वाढलं. आई जेवली. मग शाळेत जाऊन भिंतीला हात लावून उभी राहिली. तेवढ्या वेळात पोरांनी पेटी उचलून लाँचपर्यंत नेलीसुद्धा.

परत येताना पाणी शांत होतं. लाँचमध्ये आम्ही दोघी आणि एक म्हातारा, एवढेच होतो. मी महिनाभर मनात धरून ठेवलेलं बोलले. "आई, त्या रविवारी मी यायला पाहिजे होतं."

आईनं पदर कानाशी घट्ट धरला होता. मग म्हणाली, "तू निघाली व्हतीस. मी थांबवलं."

"मी ऐकायला नको होतं."

"मी बोलायला नको व्हतं." ती पाण्याकडे बघत होती. "मला वाटलं व्हतं, तू मला बोलशील. रोज वाट बघत व्हते, आज बोलंल, उद्या बोलंल. तू बोललीच न्हाईस."

"मला वाटलं, तू मला बोलशील."

म्हातारा आमच्याकडे बघून तोंड फिरवून बसला. आईनं माझा हात तिच्या मांडीवर ओढून घेतला आणि धक्का येईपर्यंत सोडला नाही. रडलो नाही दोघीही. घरी गेल्यावर आईनं ते सगळं दादांना सांगितलं, माझ्यासमोर, आपल्यावर घेऊन. मी मध्येच म्हणाले की नाही, मलाही जायचं नव्हतं. दादा ऐकत राहिले. त्यांनी कुणालाच दोष दिला नाही आणि दोष नाही असंही म्हटलं नाही. उठून त्यांनी पेटीवरची धूळ पुसली आणि ती आतल्या खोलीत ठेवली.

त्या रविवारी आलेल्या पाहुण्यांच्याच घरात पुढं मला दिलं. लग्नाआधी मी त्या मुलाला सगळं सांगितलं, आक्काचा आजार आणि तो रविवारही. तो म्हणाला, "मग त्या दिवशी आम्ही तुमच्या घरात बसलो होतो, त्यात आमचाही वाटा आहे." आता आम्हाला दोन मुली आहेत. थोरलीला एकदा ताप येऊन गुडघा दुखला तेव्हा मी त्याच दिवशी तिला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पडली असेल. तरी मी त्यांना तिचं हृदय पुन्हा एकदा ऐकायला लावलं.