रेची बाकावरची जागा

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. शेजारच्या रेची बायको जोअन कोट न घालताच अंगणातून आली आणि म्हणाली, "रे गेला... पहाटे, झोपेतच." खरं सांगतो, पहिल्यांदा मला दुःख झालं नाही, धस्स झालं. या माणसाबद्दलची एक गोष्ट माझ्या मुलीला सांगायचं मी त्याला कबूल केलं होतं. दोन वर्षं 'उद्या सांगू' म्हणत ढकलत आलो होतो. आता पाच आठवडे होऊन गेलेत, तरी त्याची आठवण काढायला बसलो की आधी ते धस्स होणंच आठवतं.

आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात राहायला आलो ते २००१ साली. मी नागपूरचा, थंडी म्हणजे स्वेटर एवढंच ज्ञान. पहिल्याच हिमवादळानंतर उठून बघतो तर आमच्या दारापुढचा बर्फ कुणीतरी साफ करून ठेवलेला. हा कुणीतरी म्हणजे रे. पन्नाशीच्या आतबाहेरचा, दाराएवढा रुंद, पुढचे दोन दात गायब. बारा वर्षं तो व्यावसायिक आइस हॉकी खेळला होता, फॉरवर्ड म्हणून. त्यातले जेमतेम दोन मोसम वरच्या लीगमध्ये, बाकी सगळी वर्षं गावोगाव बसनं हिंडत खालच्या लीगमध्ये. फॉरवर्ड म्हणजे गोल करणारा, अशी माझी समजूत. रेचं काम वेगळंच होतं. समोरच्या गोलकीपरच्या पुढ्यात ठाण मांडून उभं राहायचं, त्याला चेंडूऐवजी असते ती काळी चकती दिसू द्यायची नाही, आणि तिथून हुसकायला जे जे येतील त्यांचे कोपर, काठ्या, ढुशा अंगावर घ्यायच्या. "म्हणजे हमालीच की!" मी म्हणालो. तो खदखदून हसला. "पण जागा माझी होती. मला तिथून कुणी हलवू शकलं नाही."

आमची ईरा तेव्हा सात वर्षांची. माझ्या आईनं इथं आल्यावर तिला 'रेकाका' म्हणायला लावलं आणि ते त्याला फार आवडलं. त्यानंच तिला बर्फावर उभं केलं, पडायचं कसं ते आधी शिकवलं. पुढे ती मुलींच्या क्लबमध्ये गेली आणि हा तिथे मदतनीस कोच झाला. खेळाडूंच्या बाकाच्या टोकाची जागा त्याची, आणि ईरा कायम त्याच्या शेजारी. मी मात्र आपल्या वळणावर गेलो. आपल्याकडे पोर पोहायला लागलं की लगेच 'राज्य पातळीवर जाणार का?' विचारतात, मी त्यातलाच. ईराचे सराव, तिचे गोल, सगळं मी एक्सेलमध्ये भरायचो. बायको म्हणायची, "अरे, ती खेळायला जाते की बोर्डाच्या परीक्षेला?"

त्या सुमारास रे विसरायला लागला होता. एकच किस्सा दोनदा सांगायचा, आमच्या दारात येऊन कशाला आलो ते आठवत उभा राहायचा. जोअननं एकदा स्पष्टच सांगितलं, डोक्यावर खाल्लेले ते सगळे मार आता वसूल होताहेत. त्याच्या खेळण्याच्या दिवसांत धडक बसली की डॉक्टर ठरावीक प्रश्न विचारायचे. बाहेर बसवू नये म्हणून रेनं उत्तरं पाठ करून ठेवली होती.

आणि मी काय केलं? क्लबनं पालकांना एक पत्रक दिलं होतं, डोक्याला मार लागला तर मुलीला काय विचारावं त्याचं. महिने उलटे म्हणा, अंक उलटे म्हणा वगैरे. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर आपण जे करतो तेच मी केलं. गाडीतून जाता-येता ईराकडून महिने उलटे घोटून घेतले. पाढे घोटतात तसे. उगाच एखादी मॅच हुकायला नको!

२००६च्या हिवाळ्यात, उपांत्य सामन्यात, ईरा रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कडेच्या फळीवर डोक्यानं आदळली. उठली, अंगठा दाखवला, बाकावर आली. मी बाकामागच्या काचेला बाहेरून नाक लावून उभा होतो. रेनं महिने विचारले. डिसेंबर ते जानेवारी तिनं एका दमात म्हणून टाकले. रे तिच्याकडे बघत राहिला. मग वळून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. तो परत तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "आज इथे येताना गाडीत माझ्या शेजारी कोण बसलं होतं?" तीच बसली होती. ईराचे ओठ हलले... शब्द येईना. रेनं तिच्या डोक्यावरचं हेल्मेट उतरवलं आणि स्वतःच्या बुडाखाली घेऊन बसला. ती रडत होती, मी काच बडवत ओरडत होतो. तो हलला नाही.

सामना हरलो. त्याच संध्याकाळी मी क्लबच्या मॅनेजरला मेल लिहिला. रेची स्मरणशक्ती ठिकाणावर नाही, सामना आज होता की काल, हेही त्याला कळत नाही, अशा माणसाच्या हाती मुली देऊ नयेत. जोअननं विश्वासानं सांगितलेलं सगळं मी त्यात घातलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ईराला तपासलं आणि दोन महिने घरी बसवलं. "पुन्हा एक धडक बसली असती तर..." म्हणून ते थांबले. मेल तेव्हाही मागे घेता आला असता. मी घेतला नाही. आठवड्याभरात रेची बाकावरची जागा गेली.

मेल कुणाचा ते रेला कळलं होतं. पत्रपेटीपाशी तो मला भेटला तेव्हा मी नजर चुकवली. तो म्हणाला, "पोरीनं विचारलं मी का सोडलं म्हणून. मी म्हटलं, तुझ्या बाबाला विचार. तू सांग तिला. मी नाही सांगणार." मी म्हणालो, "सांगतो."

ईरानं मला काहीच विचारलं नाही. मीही सुटलो. महिन्याभरात तिनं त्यांच्याकडे जाणं मात्र बंद केलं. हेल्मेट काढून घेतल्याचा राग आहे, होईल शांत, अशी मी स्वतःची समजूत घातली. रे खिडकीतून हात करायचा, आणि ती मान खाली घालून आत पळायची... दोन वर्षं.

अंत्यविधीहून परतताना गाडीत मी तिला सगळं सांगितलं. मेलचा शब्दन् शब्द. चौदा वर्षांची माझी मुलगी समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मी म्हटलं, "तू उगाच त्याच्यावर रागावलीस, बेटा. चूक माझी होती."

"आय वॉज नेव्हर मॅड ॲट हिम, बाबा," ती म्हणाली. "रेकाका दर वेळी मला विचारायचा, 'डिड युवर डॅड टेल यू?' ही केप्ट फर्गेटिंग, सो ही केप्ट आस्किंग. आणि मला दर वेळी नाही म्हणावं लागायचं. आय वॉज अशेम्ड. म्हणून मी जाणंच सोडलं."

मी गाडी बाजूला घेतली.

मग घरी न जाता आम्ही जोअनकडे गेलो. स्वयंपाकघरात खिडकीशी रेची खुर्ची होती, आमच्या दाराकडे तोंड करून ठेवलेली. शेवटचे सहा महिने तो तिथेच बसायचा, जोअन म्हणाली. ती खुर्ची अजून तिनं फिरवलेली नाही. ईरा जाऊन तिच्यात बसली. खिडकीतून आमचं दार बघत राहिली, आणि मग कुणाकडेही न वळता म्हणाली, "बाबा टोल्ड मी, रेकाका."