सांतो दोमिंगोत सिद्धम्माबाईंचं डोकं फिरलं

उदगीर भागात दगडावर ठसठशीत, देखणं अक्षर दिसलं की समजायचं, हे सिद्धम्माबाईंचं. शाळा, सभामंडप, पाण्याची टाकी, कशाचंही उद्घाटन असो. बाईंनी कागदावर मजकूर लिहून द्यायचा आणि पाथरवटानं त्यावरून छिन्नी चालवायची. बाई तीस वर्षं गावातच मास्तरीण. मुलींच्या शाळेला जागा मिळेना तेव्हा नवऱ्यामागं राहिलेलं अर्धा एकर रान बाईंनीच लिहून दिलं. आता संस्थेचा अध्यक्ष शरणप्पा त्या शाळेला आपल्या बापाचं नाव द्यायला निघाला होता. दगडावर 'भूमिदाते' म्हणूनही बापच. वर तोंड करून म्हणाला, "बाई, अक्षर मात्र तुमचंच पाहिजे."

बाई भिडेपोटी 'हाव' म्हणाल्या आणि लेकीकडं निघून गेल्या.

लेक मंजुश्री नवऱ्यासंगं सांतो दोमिंगोला असते. तिकडं कॅरिबियन समुद्राकाठी, डोमिनिकन देशाची राजधानी. जावई सोमेश औषधाच्या कंपनीत. रविवारी दोघांनी बाईंना जुनं शहर दाखवायला नेलं. नदीकाठचा स्पॅनिश किल्ला पाहून बाई म्हणाल्या, "ह्याच्यापरीस आपला उदगीरचा बरा." पाचशे वर्षांचं चर्च पाहिलं. चर्चला लागून चौक, चौकात कोलंबसाचा उंच पुतळा. खाली चौथऱ्यावर चढून एक उघड्या अंगाची बाई हात वर करून काहीतरी लिहीत होती. तीही धातूचीच.

"ही कोण गं?"

"आनाकाओना. इथली राणी, अव्वा. स्पॅनिश सुभेदाराला तिनं पाहुणा म्हणून घरी बोलावलं. त्यानं तिचीच माणसं कोंडून जाळली. मग तिला फाशी दिली."

"आन् हितं काय लिहायली?"

मंजुश्री घुटमळली. "कोलंबसाचं नाव. थोर पुरुष म्हणून."

बाईंचं कपाळ तापलं. "फासावर बी तिलाच चढिवलं, आन् नाव बी तिच्याच हातानं लिहून घेतलं? लाजा वाटल्या न्हाईत भाड्यांना?"

"अव्वा, हळू! लोक बघायलेत."

"बघू दे! मेलेली बाई न्हाई म्हनत न्हाई, म्हनून घेतलं लिहून. मी तर जित्ती हाय की! सोमेशराव, शरणप्पाला फोन लावा."

"लावतो आत्या, आधी एक फोटो..."

"फोटो मरू द्या! फोन लावा म्हनले ना!"

गावाकडं संध्याकाळ झाली होती. शरणप्पा खुशीत होता. "बाई, तुमच्याच मजकुराची वाट बघायलोय. पाथरवट बसून हाय."

"न्हाई लिहीत."

"आं? काय झालं?"

"रान माझं. तुझा बाप त्या रानात कधी ढेकूळ फोडायला बी आला न्हवता. भूमिदाता म्हनं!"

"चार माणसांत हाव म्हणला होता तुम्ही."

"भिडंनं म्हनले. चुकले. आता चार माणसांत न्हाई म्हनते."

शरणप्पाचा आवाज बदलला. "मग लातूरच्या पेंटरकडून लिहून घेऊ. दगड काय तुमच्यावाचून अडत न्हाई."

"घे लिहून. माझ्या हातानं न्हाई."

दगड बसलाच. नाव बापाचंच, भूमिदाता बापच. फक्त अक्षर परकं, दाटीवाटीचं. बाई परत आल्या, आणि गेटापुढून जाता-येता कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, हे अक्षर तुमचं दिसत न्हाई?"

"अक्षर माझं न्हाई," आतल्या ऑफिसात शरणप्पाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बाई सांगतात, "रान माझं हाय!"