सगळ्या पोरी धाकल्या जावेजवळ बसल्या

बायांनो, आमच्या घरी आधी आल्या शाळेच्या बाई, मागून बारा पोरी. शाळेत गार जमिनीवर बसणाऱ्या लहानग्यांसाठी त्यांना गोधड्या शिवायला शिकायचं होतं. असोद्यात माझ्यासारखा सरळ टाका कोणाचा नाही, म्हणून मी धाकल्या जावेशेजारी ऐटीत बसले.

बाई म्हणाल्या, "जिच्याजवळ शिकावंसं वाटतं, त्या आजीजवळ बसा."

सगळ्या धाकल्या जावेजवळ गेल्या, माझी नातसुद्धा. मला जावेचा हेवा वाटला, तो अजून गेला नाही.

नातीला विचारलं, तर म्हणते, "आजी, तू चुकलेला टाका उसवते. धाकली आजी त्याच्यावर फूल काढते."

माझी आई तर चुकलं की माझ्या बोटाला सुई टोचायची. पोर खरं बोलली, कौतुकही वाटलं. पण ते फूल कसं काढायचं, हे जावेला कोणत्या तोंडानं विचारू? पोरी सोमवारी परत येणार आहेत.