सहा इंची पाइपाची पायली

दिघीच्या सरूमावशींचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. त्या नसत्या तर मी आज हिंगोलीला परत जाऊन चुलत्याच्या टपरीवर पंक्चर काढत बसलो असतो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. माझ्या खोलीच्या खाली त्यांची पिठाची गिरणी आहे, एवढंच.

मी भोसरीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डर आहे. फॅब्रिकेशन म्हणजे पत्रा आणि पाइप कापायचे, वाकवायचे, जोडायचे. माझी शाळा आठवीत सुटली. हे झालं तेव्हा मी ट्रायलवर होतो. तीन महिने काम बघणार, पटलं तर परमनंट, नाहीतर रामराम. शेवटचे थोडे दिवस उरले होते. शॉप चालवणाऱ्या देवकरसाहेबांनी "जरा इकडे ये" म्हटलं की मला वाटायचं, आला रामराम. बहुतेक वेळा त्यांना फक्त पंखा कमी करायचा असायचा.

बुधवारी सकाळी तशीच हाक आली. या वेळी पंखा बंदच होता. केबिनमध्ये आमचं गिऱ्हाईक मारुतीआबा उभे होते आणि टेबलावर मी केलेली पायली होती.

"ही कुणी केली?" आबांनी विचारलं.

"मी."

"ही पायली न्हाई, पोरा. लस्सीचा गिलास हाय."

आबा चाकणकडच्या एका गावातले. त्यांच्या गावात देवाच्या उत्सवाला घरटी एक पायली तांदूळ देतात. पायली म्हणजे चार शेर. हे वजन नव्हे, माप. काट्यावर काही ठेवायचं नाही, भांडं भरलं की झालं. गावची पितळी पायली फार जुनी. यंदा वरच्या आळीचे तांदूळ मापून झाले आणि तिचं बूडच सुटलं. आबा ती पिशवीत घालून आमच्याकडे आले. म्हणाले, "हिच्यात जेवढं मावतंय तेवढंच मावलं पायजे. बाकी तुमचं तुमी बघा."

आमच्या क्वालिटीच्या नेहा मॅडमनी बुडाला टेप लावून जुन्या पायलीत पाणी भरलं आणि मोजलं. पाच लिटर तीस मिली. तेवढं मावेल असं भांडं करायचं काम माझ्याकडे आलं. खरं तर पत्रा रोलिंग मशीनवर गोल वाकवायला हवा होता. पण मशीनला नंबर लागलेले होते आणि कोपऱ्यात सहा इंची स्टेनलेस पाइपाचा तुकडा पडला होता. मी डोकं चालवलं. पाइप अरुंद, म्हणून उंची वाढवली. बूड वेल्ड केलं, बफिंग मारलं. आरशासारखी चमकत होती. मॅडमनी पाणी भरलं, पाच लिटर तीस मिली. त्यांनी तसा सही-शिक्क्याचा रिपोर्टही दिला. मी आईला फोटो पाठवला.

आणि आता आबा सांगत होते की त्या पायलीनं खालच्या आळीचे तांदूळ मापले, आणि वरच्या आळीतल्या कुणीतरी संशयानं दोन्हीकडचे एकेक पायली तांदूळ काट्यावर घातले. खालच्या आळीची पायली दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम कमी!

"वरची आळी म्हणती, खालच्यांनी देवाला फसवलं. खालची म्हणती, आमी भरून दिलं. आन् दोनी आळ्या म्हणत्यात, आबानं वेल्डर फितवला."

मॅडमनी लगेच पुन्हा पाणी भरलं. पाच लिटर तीस मिली.

"पाणी बरोबर आणि तांदूळ कमी?" साहेब म्हणाले. "असं कसं होईल?"

"सर, थोडा टॉलरन्स धरला तर..." मॅडम म्हणाल्या. टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक.

"देवाला टॉलरन्स न्हाई सांगायचा, बाई," आबा म्हणाले.

आबा गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "रविवारी त्यांचा उत्सव आहे. परवा सकाळी मला कारण पाहिजे. नसेल सापडलं, तर ट्रायल संपली असं समज."

भोसरीत सुट्टी गुरुवारी असते. मी दोन्ही पायल्या आणि दहा किलो तांदूळ घेऊन गिरणीच्या पायरीवर बसलो. एक भरायची, स्टीलच्या पट्टीनं काठाला सपाट करायची, दुसरीत ओतायची. दोन्हीकडे बरोबर. दहादा केलं. दहादा बरोबर. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सरूमावशी पीठ झटकत बाहेर आल्या. "काय रं, भातुकली मांडलीस व्हय?"

मी सगळं सांगितलं.

"आन् सपाट कशापायी करतोस?"

"मग कसं करायचं?"

"आरं, पायली शीग लावून भरत्यात!"

शीग म्हणजे काठाच्या वर धान्याचा जो ढीग उभा राहतो तो. ओंजळीनं धान्य सोडत राहायचं, ओघळायला लागलं की थांबायचं. आबांनी हा शब्द काढलाच नव्हता. पायली म्हटली की शीग आलीच, त्यात सांगायचं काय! आणि आम्ही मोजलं पाण्यानं. पाण्याची कधी शीग लागते का?

मावशींनी दोन्ही पायल्या शिगेनं भरल्या. जुनीवर चांगली टेकडी उभी राहिली. माझीवर मोदकाचं नाक. मग दोन्ही शिगा वेगळ्या काढून मावशींनी मोठ्या शिगेतून लहान शिगेएवढे तांदूळ कमी केले आणि उरलेले आपल्या जुन्या चिपट्यात घातले. चिपटं म्हणजे पायलीचा सोळावा हिस्सा. ते जवळजवळ भरलं, म्हणजे तोच दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचा फरक.

"तोंड बारीक, मंग शीग बारीक. एवढंबी शिकलेल्या मान्सांना कळंना?"

"मावशी, मी आठवी."

"मंग तुला तरी कळाय पायजे हुतं!"

शुक्रवारी मी साहेबांसमोर दोन्ही पायल्या भरून दाखवल्या. त्यांनी पट्टी आणून त्या टेकडीची उंची मोजली. मॅडमनी कागदावर शंकूचं गणित केलं. उत्तर मावशींच्या चिपट्याशी जुळलं. मग त्यांनी नवीन ड्रॉइंग काढलं आणि त्यात काठाच्या वर बाण काढून लिहिलं, "शीग, ५० मिमी".

"पण शीग माणसागणिक बदलणार," साहेब म्हणाले. म्हणून तिघांनी लावून बघितली. मॅडमची बावन्न मिमी, माझी पन्नास, साहेबांची अडतीस.

"सर, तुमचा हात थोडा आखडता आहे," मॅडम म्हणाल्या.

"ते रिपोर्टमध्ये घालू नका."

रोलिंग मशीनवर लागलेला दुसरा जॉब साहेबांनी स्वतः उतरवला. जुन्या पायलीएवढ्याच तोंडाची नवी पायली संध्याकाळी तयार झाली. शनिवारी मी ती घेऊन आबांच्या गावात गेलो. खालची आळी म्हणाली, पुन्हा मापू, पण वरच्यांनीही याच पायलीनं मापायचं. वरची आळी म्हणाली, मापा की! मग ईर्ष्येनं प्रत्येकानं अशी शीग लावली की तांदूळ ओघळून अंगणभर झाला. सगळं गोळा केलं तर दरवर्षीपेक्षा अर्धं पोतं जास्त. दोन्ही आळ्या अजून म्हणतात की आमचीच शीग मोठी होती.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी "जरा इकडे ये" म्हटलं. मी सवयीनं पंख्याकडे गेलो. त्यांनी परमनंटचं लेटर पुढे केलं.

या सगळ्यातून मी एक शिकलो. भांड्यात काय मावतं ते ड्रॉइंगवर असतं. भांड्याच्या वर काय राहतं ते गिऱ्हाइकाला विचारावं लागतं.

मावशींच्या गिरणीवर धान्य ओतायचा जो डबा आहे, त्याला गंजून तीन भोकं पडली आहेत आणि त्यात चिंध्या कोंबल्या आहेत. नवा करून देतो म्हटलं तर त्या म्हणतात, "आधी सोताचं बघ." बघतोय. पण एक दिवस मी तो डबा स्टेनलेसमध्ये करून देणार आहे, माझ्या पैशानं आणलेल्या पत्र्याचा, आणि त्यासाठी पाइप वापरणार नाही.